दोन काळ्या पाट्या

त्बिलिसीत, स्टेशन चौकाखालच्या तळघरात आमचं दुकान.
नोव्हेंबर. हीटर माझ्या एकट्याच्या पायांपुरता.
त्सियालाबाई काठीनं पायऱ्या मोजत उतरल्या.
"अकरा," म्हणाल्या, "आणि शेवटची तुटकी."
सहा वर्षं झाली मला इथं,
मी कधी मोजल्या नव्हत्या.

"यंदाचे सगळ्यात वरचे दोन काढ."
काढले. काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले,
काळे, गुळगुळीत,
ओल्या फडक्यानं पुसलेल्या दोन पाट्या.
आणि माझी पोपटपंची सुरू झाली:
ह्याचा पडदा भर उन्हातही लख्ख,
त्याचे रंग जास्त खरे, विशेषतः निळा...
निळ्यापाशी जीभ अडखळली.
"थांबलास का? काय म्हणतो निळा?"

निळ्याचं मला काहीच सांगता आलं नाही.

बाई पियानो लावतात. चाळीस वर्षं,
सोलोलाकीच्या जिन्यांवरून, शाळांच्या गारठलेल्या खोल्यांतून,
तारांच्या भांडणात मध्यस्थी करत.
त्यांनी आधी डावा फोन कानाशी थरथरवला, मग उजवा.
"हा गुरगुरतो, पाव सूर उतरलेला.
तो स्वच्छ आहे, पण पोकळ.
पोटातलं काहीतरी काढून घेतलंय त्याच्या."
कंपनीच्या पत्रकात हे नव्हतं.

मग दोघांना आमच्या भाषेत बोलायला लावलं.
पहिला बोलला तोंडात गरम बटाटा धरून.
दुसरा बातम्या दिल्यासारखा,
फक्त घशातला आमचा तो एक 'क',
परक्यांना जो जन्मात जमत नाही,
तो सरळ गिळून.
"चला. दगडापेक्षा वीट मऊ."

भाव विचारला. सांगितला.
दुसरा चारशे लारींनी महाग.
बाईंनी बोटांवर मोजलं: पाच पियानो,
त्यातला एक शाळेतला, जिथं पैसे वसंतात मिळतात.
दुसऱ्यावर मलाही थोडं सुटतं.
हे मी सांगितलं नाही.

"आता कॅमेरा."
मी गप्प.
"अरे, कॅमेरा तर मलाच हवा!
तुला काय, तू बघून घेशील."
कोटाच्या खिशातून एकेक निघालं:
रक्तदाबाच्या गोळ्या, विजेचं बिल,
घडीवर मऊ पडलेलं एक पत्र,
मुलाचं, ग्दान्स्कहून कुणाच्या तरी हाती आलेलं.

गोळ्या दोघांनी वाचल्या. बिलही वाचलं,
पहिल्यानं एक शून्य जास्त लावून.
पत्र हातचं, घाईतलं, बॉलपेन सुकत आलेलं.
पहिल्यानं अर्ध्यात हात टेकले:
पुढचं अक्षर लागत नाही, म्हणाला.
दुसऱ्यानं शेवटपर्यंत वाचलं, एका दमात:
"हिवाळ्यात येतो, आई. वाट पाहा."

कागद माझ्या समोरच होता.
मी काच पुसू लागलो.

बाईंनी दोन्ही फोन माझ्यावर रोखले.
पहिला म्हणाला: पुरुष, वय सुमारे पंचेचाळीस, थकलेला.
(मी एकतीसचा आहे.)
दुसरा म्हणाला: तरुण पुरुष, हसत आहे.
"हसतोयस का, बेका?"
"नाही."
"मग आता ती ओळ तू वाच."

वाचली.
या हिवाळ्यात जमणार नाही, आई. वाट पाहू नकोस.

"बरोबर," म्हणाल्या. "शेजारणीनंही हेच वाचलं होतं."

त्यांनी पहिलाच घेतला.
"न येणाऱ्याला येत नाही म्हणतो. शून्याचं मी बघीन."
नोटा बोटांनी चाचपून काउंटरवर ठेवल्या,
दहाच्या वेगळ्या, वीसच्या वेगळ्या.
मी खोकं बांधलं, वर कव्हर फुकट दिलं,
निळं. सांगितलं निळं आहे म्हणून.

पायरीपाशी जाऊन परतल्या.
"तो दुसरा अजून चालू आहे ना?
पुन्हा एकदा वाचू दे त्याला.
सगळं नको. शेवटचं तेवढं."

मी पत्र त्याच्यापुढे धरलं.
वर रस्त्यावर कुणीतरी डाळिंबांचा गाडा ढकलत होतं.